४३ वर्षांचं झाड: नाशिकच्या एका शाळेतल्या अश्मीभूत लाकडाचं प्रकरण

फलकाचा मजकूर माझ्याकडे आला तेव्हा तो फ्लेक्सवाल्याकडे जायच्या बेतात होता. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना माझ्याकडून फक्त शुद्धलेखन तपासून हवं होतं. ‘अश्मीभूत’ म्हणजे दगड झालेलं, त्यातला ‘श्मी’ दीर्घ की ऱ्हस्व, एवढंच. मजकूर असा होता: ‘नाशिकचे प्राचीन अरण्य. गोदाकाठी सापडलेले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे अश्मीभूत झाड. झाडाचे वय ४३ वर्षे. त्या काळीही येथे आजच्यासारखाच पावसाळा आणि उन्हाळा होता.’

शुद्धलेखनात चूक नव्हती. बाकी मात्र प्रत्येक वाक्यापाशी मी अडखळलो.

शाळेचं प्रदर्शन होतं. माळा आवरताना शिपाई मामांना आंब्याची एक लाकडी पेटी सापडली. विज्ञान शिकवणारे जुने सर काही वर्षांपूर्वी वारले, त्यांची ती. आत गवतात गुंडाळलेले तीन दगड आणि पिवळी पडलेली एक चिठ्ठी. पहिला दगड वीतभर उंचीचा, उघडच खोडाचा तुकडा वाटावा असा, वरची बाजू घासून चकचकीत केलेली, तिच्यावर तांबूस-तपकिरी पट्टे. दुसरा मुठीएवढा, राखी, बारीक ठिपक्यांचा. तिसरा म्हणजे पांढुरक्या, वेड्यावाकड्या कांड्या एकमेकींना चिकटलेल्या, आल्याच्या गड्ड्यासारखा. मामांनी तो चुन्याचं ढेकूळ म्हणून कचऱ्यात काढून ठेवला होता. बाईंनी नको म्हटलं नसतं तर गेलाच होता.

चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात: ‘निफाड, गोदाकाठ. दरड पडली त्यातून. मुळं?’

एवढ्यावरून सगळा फलक तयार झाला होता. खोडाचा तुकडा दिसायला देखणा, म्हणून चिठ्ठी त्याची. ‘मुळं?’ म्हणजे हे खोड नसून मूळ असावं अशी सरांना शंका असणार, असं गृहीत धरलं. चकचकीत बाजूवरचे पट्टे नववीच्या मुलांनी भिंगाखाली मोजले आणि एकमताने ४३ भरले. वर्तुळं आहेत म्हणजे दर वर्षी झाडाची वाढ थांबत होती, वाढ थांबत होती म्हणजे कोरडा ऋतू होता, आणि कोरडा ऋतू होता म्हणजे पावसाळाही होताच. मुलांच्या तर्कात खोट नव्हती. पायाच चुकीच्या जागी घातला होता.

नाशिकच्या कातळात लाकूड का नसावं

माझी पहिली शंका दगड न बघताच आली होती. नाशिक म्हणजे काळा कातळ. पांडवलेण्यांपासून ब्रह्मगिरीपर्यंत आणि कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्यापर्यंत सगळं लाव्ह्याचं थरावर थर रचलेलं बांधकाम. डेक्कन ट्रॅपचा हा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि त्याचा मोठा भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे, दहाएक लाख वर्षांत ओतला गेला. विहीर खणणाऱ्यांना हे थर आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असतात: वर मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण, मध्येच गेरूसारखा एखादा तांबडा पट्टा. तो पट्टा म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येईपर्यंत मिळालेल्या उसंतीत तयार झालेली माती, पुढच्या लाव्ह्याने भाजून काढलेली. कसारा घाटात गाडी हळू झाली की असे पट्टे दिसतात.

लाव्हा हजार-अकराशे अंशांचा. त्याच्या तडाख्यात झाड आलं तर त्याचा कोळसा होतो, फार तर खोडाच्या आकाराची पोकळी उरते. पेशी न् पेशी शाबूत राहून लाकडाचा दगड व्हायचा तर झाड पाण्यात पडून गाळाखाली झाकलं जायला हवं, म्हणजे कुजवणारी हवा लांब राहते. त्या पाण्यात विरघळलेली सिलिकाही, म्हणजे गारगोटी जिची बनते ते द्रव्य, भरपूर हवी. ज्वालामुखीचे खडक झिजताना ती मिळते. मग सिलिका पेशींच्या भिंतींत आणि पोकळ्यांत शिरून बसते आणि हळूहळू गारगोटीच्या जातीचा दगड होतो.

अशी तळी दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात डेक्कन ट्रॅपच्या पूर्वेच्या कडेला पुष्कळ होती: नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, पलीकडे छिंदवाडा, मंडला, दिंडोरी. नागपूरला स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले जीवाश्म गोळा केले. पुढे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी या वनस्पतींवर काम केलं. त्यांनी लखनौला १९४६ मध्ये सुरू केलेली संस्था आजही हे काम करते. पश्चिमेकडे काहीच नाही असं नव्हे, मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. पण नाशिकच्या बाजूला लाव्ह्याची चळतच इतकी जाड आणि मधला गाळ इतका थोडा, की वीतभर अश्मीभूत खोड ‘इथलं’ म्हणून कोणी पुढे केलं तर आधी संशय घ्यावा.

शाळेच्या समितीतले एक काका म्हणाले, “दिंडोरीला सापडतात की! मी स्वतः वाचलंय, राष्ट्रीय उद्यान आहे तिथे.” वाचलं ते बरोबरच होतं. घुघुवा जीवाश्म राष्ट्रीय उद्यान दिंडोरी जिल्ह्यातच आहे. फक्त ती दिंडोरी मध्य प्रदेशातली, आपली नाशिक जिल्ह्यातली द्राक्षांची नव्हे.

ॲसिडचा एक थेंब

दगड घरी आणले. पहिली परीक्षा पाच मिनिटांची: पोलादी सुरीने ओरखडा आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब. खोडाच्या तुकड्यावर सुरी घसरली, उलट सुरीचीच धातूची रेघ दगडावर उमटली. ॲसिडने काही झालं नाही. म्हणजे सिलिका. ठिपक्यांच्या दगडाचंही तेच. आल्याच्या गड्ड्यावर मात्र थेंब पडताच फसफसून फेस आला. तो चुना, कॅल्शियम कार्बोनेट. मामांचं निदान अर्धं बरोबर होतं. तो गड्डा मी बाजूला ठेवला आणि, प्रामाणिकपणे सांगायचं तर, आठवडाभर त्याच्याकडे बघितलंही नाही. देखण्या तुकड्याने मलाही भुलवलं होतं.

लाकूड वाचायचं तर कापावं लागतं. दगड सरांच्या घरचा, म्हणून पंचवटीत काकूंकडे, सरांच्या पत्नीकडे, विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, “कापा. पण निम्मा परत आणून द्या, मुलगा पुण्याहून आला की त्याला दाखवते.” तुटक्या टोकाकडून शक्य तेवढा कमी भाग घेतला.

छेद तीन दिशांनी घ्यायचे असतात. एक आडवा, खोड करवतीने कापल्यासारखा. दोन उभे: एक गाभ्याकडून सालीकडे जाणारा, दुसरा त्याला काटकोनात. यातला एक जरी चुकला तरी ओळख अर्धवट राहते, कारण वाहिन्यांची, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची, मांडणी आडव्या छेदात कळते, पण किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या, किती रुंद आणि किती उंच हे उभ्यातच दिसतं. डायमंड ब्लेडने चकती काढायची, काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या पुडीने घासत राहायचं, आधी जाड पूड, मग ६००, मग १०००. साधारण ३० मायक्रॉनपर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आलं की दगडाआडून वर्तमानपत्र वाचता येतं. शेवटच्या दोन मिनिटांत लक्ष उडालं तर स्लाइडवर काहीच उरत नाही. या वेळी एक स्लाइड अशीच गेली.

४३ पट्ट्यांचं काय झालं

सूक्ष्मदर्शकाखाली आडवा छेद ठेवला आणि मुलांचे पट्टे शोधले. पट्टे होते. पण पट्ट्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पेशींत काही फरक नव्हता.

वर्षवलय म्हणजे रंगाची रेघ नव्हे, पेशींच्या आकारातला बदल. सागवान घ्या. पेठ-सुरगाण्याच्या जंगलातला साग उन्हाळ्यात पानं गाळतो, पाऊस आला की भराभर वाढतो आणि त्या वेळी मोठमोठ्या वाहिन्या एका ओळीत मांडतो. पुढे वाहिन्या बारीक होत जातात. वखारीत सागाच्या ओंडक्याचं कापलेलं तोंड पाहिलं तर ही छिद्रांची कडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या याच वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. उलट आंबा किंवा जांभूळ पाहा: छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली, वलय शोधावं लागतं आणि सापडलं तरी खात्री नसते.

आपल्या दगडात छिद्रं विखुरलेली होती. तांबूस पट्टा त्यांच्यावरून बिनदिक्कत आडवा जात होता. एका ठिकाणी तर तो एकाच वाहिनीच्या मधून गेलेला, वाहिनीचा अर्धा भाग तांबडा, अर्धा पांढरा. झाड जिवंत असताना असं होणं शक्य नाही. सिलिका बसत असताना किंवा नंतर लोहाची संयुगं टप्प्याटप्प्याने आत शिरली, तिथे रंगाच्या रेघा उमटल्या. मुलांनी मोजलेले ४३ पट्टे खरेच होते, पण ते पाण्यातल्या लोखंडाचे होते, झाडाच्या वर्षांचे नव्हते.

हे मुलांना सांगायला मी वर्गात गेलो. वाटलं होतं, हिरमुसतील. एका मुलीने विचारलं, “मग सर, लाकूड पॉलिशच कशाला करायचं? पॉलिशमुळेच फसलो ना?” खरं आहे. बाजारात मिळणारे अश्मीभूत लाकडाचे तुकडे रंग उठून दिसावेत म्हणून घासलेले असतात, आणि रंग हाच त्यातला सगळ्यात निरुपयोगी पुरावा असतो.

लाकूड काय सांगतं

राखी दगडाला छेदाची गरजच नव्हती, भिंग पुरलं. ठिपके म्हणजे तंतूंच्या जुडग्या, मऊ भागात सुट्या विखुरलेल्या. वलय नाही, किरण नाहीत, गाभा-साल असा भेद नाही. रस्त्याकडेला पडलेल्या शिंदीच्या झाडाचं बूड कापून ठेवलं होतं, ते शेजारी ठेवलं. नातं वर्गातल्या शेवटच्या बाकावरूनही दिसलं. हे ताडाच्या कुळातलं खोड. अशा अश्मीभूत ताडखोडांना ‘पामॉक्सिलॉन’ हे एकच पोटभर नाव आहे. मध्य भारतातल्या त्या तळ्यांच्या गाळात ती मुबलक मिळतात.

ताड एक गोष्ट ठामपणे सांगतो: तिथे कडाक्याचं गोठण पडत नव्हतं. ताडाच्या खोडाला एकच शेंडा असतो, तो गोठला की झाड संपलं. खोडही पाण्याने भरलेलं, थंडीत ते आतून फाटतं. म्हणून ज्या प्रदेशात सर्वांत थंड महिन्याची सरासरी साधारण ५ अंशांखाली जाते तिथे ताड टिकत नाहीत. ही खालची मर्यादा झाली, पण वर किती गरम होतं याबद्दल ताड गप्प असतो.

पहिला तुकडा जास्त बोलका. तो द्विदल झाडाचा. वाहिन्या एकट्या किंवा दोन-तीन मिळून, सरासरी १२० मायक्रॉनच्या आतबाहेर रुंद, आणि एका चौरस मिलिमीटरला दहाच्या आसपास. हे दोन आकडे मोजायला एक संध्याकाळ जाते आणि त्यातून बरंच कळतं. रुंद वाहिनीतून पाणी भराभर वर चढतं, पण दुष्काळ किंवा थंडी पडली की तिच्यात हवेचा बुडबुडा अडकून ती निकामी व्हायचा धोका असतो. अरुंद वाहिन्या पुष्कळ ठेवल्या तर पाणी कमी मिळतं, पण काही बंद पडल्या तरी झाड जगतं. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लक्विस्ट यांनी १९७७ मध्ये याचा सोपा भागाकार सुचवला: वाहिनीचा सरासरी व्यास मायक्रॉनमध्ये, भागिले चौरस मिलिमीटरमधली वाहिन्यांची संख्या. उत्तर १ च्या खाली आलं तर झाड कोरडेपणाला सरावलेलं. आपलं उत्तर १२ च्या घरात आलं. या झाडाला पाण्याची ददात नव्हती. वाहिन्यांच्या भिंतींवर स्प्रिंगसारखी नक्षी नव्हती, ती थंड किंवा कोरड्या ऋतूंच्या झाडांत जास्त आढळते. वलयंही नाहीत. सगळी बोटं एकाच दिशेला: उबदार, ओलं, ऋतूंची धार बोथट.

इथवर आलो की हात शिवशिवतात. ‘सदाहरित वर्षावन’ असं लिहून टाकावंसं वाटतं. पण तीन गोष्टी आड येतात.

पहिली, हा तुकडा खोडाच्या कुठल्या भागातला हे माहीत असावं लागतं. गाभ्याजवळच्या किंवा फांदीतल्या वाहिन्या त्याच झाडाच्या बाहेरच्या लाकडातल्यापेक्षा अरुंद असतात. आपल्या तुकड्यात किरण जवळपास समांतर जात होते, गाभ्याकडे एकवटत नव्हते. म्हणजे तो मोठ्या खोडाच्या बाहेरच्या भागातला, त्यामुळे आकडे विश्वासार्ह.

दुसरी, एका तुकड्यावरून तापमान काढता येत नाही. लाकडाच्या गुणधर्मांवरून सरासरी तापमान काढायची समीकरणं आहेत, वीमन आणि सहकाऱ्यांची १९९८ मधली प्रसिद्ध आहेत. पण ती एका ठिकाणच्या अनेक प्रजातींच्या समूहाला लावायची असतात: किती टक्के झाडांत वलय आहे, किती टक्क्यांत नक्षी आहे, असा हिशेब. एका झाडाचे टक्के शून्य तरी असतात किंवा शंभर.

तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. दगड झालेलं लाकूड हे बहुतेक वेळा काठावरच्या झाडाचं असतं. माळावरचं झाड पडलं तर वाळवी खाते. तळ्याकाठचं पडलं तर गाळात जातं. समजा आजच्या नाशिकचं असंच व्हायचं असेल, तर उद्याच्या संशोधकाला उंबर आणि करंज मिळतील, चामरलेणीच्या डोंगरावरची काटेरी झाडं मिळणार नाहीत. उंबराच्या मुळांना बारा महिने गोदावरीचं पाणी, त्याच्या लाकडाला उन्हाळ्याची फारशी खबरच नाही. तो संशोधक लिहील: नाशिकला वर्षभर पाऊस पडत असे! म्हणून १२ हा आकडा त्या झाडाच्या पायाखालच्या पाण्याचा आहे. आकाशातल्या पावसाचा तो असेलच असं नाही. ते ठरवायला त्याच थरातली पानं, परागकण, फळं, शिंपले आणि खुद्द माती लागते. मध्य भारतातल्या तळ्यांबाबत हे झालेलं आहे: छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलानच्या गाळातून खाडीकाठी वाढणाऱ्या निपा ताडाची आणि केळीच्या जातीची फळं मिळाली, पाण्यावर तरंगणारा अझोला मिळाला, घुघुव्याला आज ऑस्ट्रेलियात नांदणाऱ्या निलगिरीचं लाकूड मिळालं. ताड आणि द्विदल लाकूड या सगळ्यांच्या पंगतीत बसवलं की उबदार, ओलं हे चित्र पक्कं होतं.

पण त्यासाठी मुळात हे लाकूड त्या पंगतीतलं आहे हे कळायला हवं होतं. बाईंनी मध्येच विचारलं, “कार्बन डेटिंग करून घ्यायचं का? शाळा खर्च करेल.” नको म्हटलं. ते तंत्र ५० हजार वर्षांपर्यंत चालतं, इथे हिशेब कोटींचा. अशा लाकडाचं वय वरच्या-खालच्या लाव्ह्यावरून ठरतं, आणि आमच्यापाशी वर-खाली काहीच नव्हतं.

पाठीमागची खपली

उत्तर तुकड्याच्या मागच्या बाजूला होतं. प्रदर्शनात ती बाजू भिंतीकडे राहणार होती. सालीच्या जागी बोटभर जाडीची करड्या गारेची खपली चिकटलेली. तिचा एक पातळ छेद घेतला, तर आत गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख कापलेले दिसले. खपली धुऊन ओली असताना पाहिली तेव्हा एक शंख बाहेरूनही दिसला: गोलसर, डाव्या बाजूला वळलेला. फायसा जातीचे हे शंख मध्य भारतातल्या त्या तळ्यांच्या गाळाची खूण मानले जातात, हिस्लॉपच्या काळापासून.

म्हणजे लाकूड डेक्कन ट्रॅपच्या मधल्या गाळातलंच, वयाबाबत फलक जवळपास बरोबर. जागा मात्र चुकीची. गोदावरीने ते वाहत आणलं म्हणावं, तर नदी नाशिककडून पूर्वेला जाते. त्र्यंबकला उगवून ती विदर्भाच्या दक्षिण टोकाला सिरोंच्यापाशी पोचते, तिकडचे दगड इकडे आणायला तिला उलटं वाहावं लागेल.

खपलीचा फोटो घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी शंख बघितले नाहीत, पेटी बघितली. “ही पेटी छिंदवाड्याची. ह्यांची थोरली बहीण तिकडे दिलेली. दिवाळीत गेलो की हे दगड वेचत बसायचे, आत्याबाई चिडायच्या.” दोन्ही लाकडं त्याच फेऱ्यांतली असावीत. गाव कुठलं, ओढा कुठला, हे त्यांना आठवेना, आणि ते आठवावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

हा पुरावा कोर्टात टिकेल असा नाही. खपली सांगते गाळ कुठल्या प्रकारचा. काकू सांगतात प्रदेश. थर कोणता, त्याच्या वर कुठला लाव्हा, शेजारी काय होतं, हे कोणीच सांगत नाही. त्यामुळे या लाकडातून वाचलेलं हवामान कुठल्याही अभ्यासात आकडा म्हणून घालता येणार नाही. त्या काळी हा सगळा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात होता. भारत आशियाला भिडायचा होता, हिमालय नव्हता. अशा वेळी ‘आजच्यासारखाच पावसाळा’ हे वाक्य तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये.

मग चिठ्ठी कुणाची?

हा प्रश्न मला सुचला नाही, त्या पॉलिशवाल्या मुलीला सुचला. तिने चिठ्ठी उलटी केली. मागे जुन्या डिंकाचा वाळका डाग आणि त्यात पांढरट कण. मी कण सुईने काढून काचेवर घेतला, ॲसिड लावलं. बारीकसा बुडबुडा आला. मग आल्याचा गड्डा पुन्हा टेबलावर आला. त्याच्या पोटाशी नखाएवढा डिंकाचा ठिपका होता आणि त्याला कागदाचे तंतू चिकटलेले.

चिठ्ठी त्या चुन्याच्या ढेकळाची होती. ‘मुळं?’ हा प्रश्नही त्याच्याचबद्दलचा.

कांडी आडवी कापली तर मधोमध बारीक भोक, त्याभोवती चुन्याची कडी. हे मुळाभोवती जमलेलं कंकर. काळ्या मातीत पावसाचं पाणी चुना विरघळवत खाली जातं. पाऊस बेताचा असेल तर ते पाणी खोलवर निघून जात नाही, उन्हाळ्यात परत वर ओढलं जातं. मूळ पाणी पितं, चुना बाहेर ठेवतं. अशी वर्षानुवर्षं पुटं चढतात, मूळ कुजून जातं, भोक उरतं. पूर्वी असं कंकर भाजून घाण्यात चुना करायचे.

म्हणून कंकर पावसाबद्दल बोलतं. आजच्या जिल्ह्यातच बघा: इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथल्या मातीत चुना टिकतच नाही, धुऊन जातो. नाशिक शहरात सरासरी ७०० च्या आसपास, निफाड-येवल्याकडे त्याहून कमी, तिकडे मातीत खडे सापडतात. मुळांभोवती अशी जाड कांडी धरायला झाडोरा जगेल इतका पाऊस हवा आणि चुना मागे राहील इतका दीर्घ कोरडा ऋतूही हवा. चुन्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, तिथे झाडं-झुडपं होती की ज्वारी-बाजरीच्या जातीचं गवत, हेही प्रयोगशाळेत काढता येतं.

याचं वय कोटींत नाही. गोदावरीच्या काठचा गाळ भूशास्त्राच्या मानाने कालपरवाचा. निफाड तालुक्यातच नांदूर मधमेश्वरला अशाच गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले, भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यांची नोंद केली. नाशिकजवळच्या गंगापूरच्या नदीकाठच्या थरांतून पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली. आमचं कंकर यांतल्या कुणाचं समकालीन की फार अलीकडचं, हे दरड सापडल्याशिवाय ठरणार नाही. पण फलकावरचं शेवटचं वाक्य, आजच्यासारखा पावसाळा आणि उन्हाळा, लाकडाला न शोभणारं ते वाक्य या ढेकळाखाली लिहिलं तर बरंचसं खपून जातं.

फ्लेक्स रद्द झाला, आगाऊ दिलेले पैसे गेले. तीन साधे पुठ्ठे झाले. लाकडांच्या पुठ्ठ्यांवर: ‘मध्य भारतातील डेक्कन ट्रॅपच्या थरांमधील गाळ. नेमके स्थळ नोंदलेले नाही. उबदार, बर्फ न पडणारे हवामान. पाण्याजवळ वाढलेले झाड.’ समितीतल्या काकांना हे फार बेचव वाटलं. “लोक नाशिकचं बघायला येणार ना?” म्हणाले. नाशिकचं म्हणून मधल्या स्टुलावर ढेकूळ ठेवलं, मामांनी स्वतः पुसून.

काकूंचा निम्मा दगड परत केला. छेदांचा एक संच शाळेला दिला. स्लाइडच्या कडेला हिऱ्याच्या पेन्सिलीने स्थळ कोरायचं असतं. लाकडाच्या स्लाइडांवर ती जागा मोकळी आहे. कंकराच्या स्लाइडवर सरांचंच वाक्य उतरवलं: ‘निफाड, गोदाकाठ. दरड पडली त्यातून. मुळं?’ प्रश्नचिन्ह ठेवलं, कारण मुळं आहेत हे कळलं तरी कशाची, ते भोकावरून कळत नाही. पावसाळा संपला की त्या मुलीच्या वर्गाला घेऊन दरड शोधायला जायचं ठरलंय. काठावर आता ऊस आहे असं ऐकतो.